रिकाम्या फाइलचा पुरावा

डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका कायद्याने एक नवे सेवापदक अस्तित्वात आले. नाव ‘कोरिया डिफेन्स सर्व्हिस मेडल’. कोरियातली लढाई जुलै १९५३ मध्ये युद्धविरामाने थांबली, पण अमेरिकी फौज तिथून हलली नाही. आजही हललेली नाही. २८ जुलै १९५४ नंतर त्या भूमीवर किंवा लगतच्या समुद्रात सलग ३० दिवस, अथवा तुटक तुटक मिळून ६० दिवस, ज्याने नोकरी केली त्याला हे पदक लागू होते. लढलात का, जखम झाली का, काही पराक्रम केलात का, यातले काहीही विचारायचे नाही. तिथे होतात का, एवढाच प्रश्न. आणि नेमके याच प्रश्नाचे उत्तर १९५५-५६ साली तिथे पहारा दिलेल्या भूदलाच्या शिपायाला कागदावर दाखवता येत नाही. त्याची सेवानोंद सेंट लुईसजवळच्या ज्या इमारतीत ठेवली होती, तिचा सहावा मजला १९७३ सालीच जळाला. पदक जन्मले तेव्हा त्याच्या पुराव्याची राख होऊन २९ वर्षे झाली होती.

अशा माणसाने पदक मागितले तर सरकारने काय करावे? यावर सर्वसाधारण सुशिक्षित मत ठरलेले आहे. नोंद असेल तर पदक, नोंद नसेल तर सहानुभूती. कागद बोलतो, माणूस नुसता सांगतो. हे मत कचेरीतल्या कारकुनांचेच आहे असे समजू नये. माजी सैनिकांतही ते पक्के रुजलेले आहे, विशेषतः ज्यांचे स्वतःचे कागद शाबूत आहेत त्यांच्यात. मला ते चुकीचे वाटते. म्हाताऱ्या सैनिकाची कीव येते म्हणून नाही; पुराव्याचा विचार म्हणूनच ते लंगडे आहे.

आधी पूर्वपक्ष. तो कमकुवत करून मांडण्यात अर्थ नाही. सेवानोंद त्या त्या वेळी लिहिली जाते, आणि तो शिपाई पन्नास वर्षांनी काय मागणार आहे याच्याशी लिहिणाऱ्या कारकुनाला देणेघेणे नसते. स्मृती मात्र मागणीच्या दिशेने वाकते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली चकमक माणसाला हळूहळू स्वतःची वाटू लागते, आणि ती सांगताना तो खोटेही बोलत नसतो. त्यात तोतयांची भर. व्हिएतनाममध्ये नोकरी करून आलेले बी. जी. बर्केट यांनी ग्लेना व्हिटली यांच्यासह १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा अनेकांची पोल खोलली, जे रणांगणाच्या कथा सांगत मिरवत होते आणि ज्यांच्या सेवानोंदी माहितीच्या कायद्याखाली मागवल्यावर भलतेच काही निघाले. शिवाय पदकाची किंमत धातूत नसते, खात्रीत असते. शब्दावर पदके वाटली तर ज्याने खरोखर नोकरी केली त्याच्या छातीवरचेही हलके होते. मराठी वाचकाला हा पक्ष परका वाटणार नाही. वि. का. राजवाडे यांच्यापासून आपल्या इतिहाससंशोधनाने हाच धडा गिरवला आहे: बखर रंगते, अस्सल पत्र टिकते.

यातले प्रत्येक विधान मला मान्य आहे. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

त्या आगीपाशी जरा थांबले पाहिजे, कारण ‘नोंदी जळाल्या’ एवढे म्हटल्याने तिचे स्वरूप कळत नाही. मिझुरी राज्यात, सेंट लुईसच्या ओव्हरलँड या उपनगरात १९५६ साली बांधलेली ती सहा मजली इमारत. आराखडा मिनोरू यामासाकी यांचा, ज्यांनी पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे रचले. फायलींच्या त्या मजल्यावर आग विझवणारे फवारे नव्हते. फवाऱ्यांबद्दल अभिलेखपालांमध्ये तेव्हा दोन मते होती, आणि पाणी गळून कागद भिजतील ही भीती आगीच्या भीतीहून मोठी ठरली. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली असताना सहाव्या मजल्यावर आग लागल्याचे कळले. अग्निशामक दल लगेच पोहोचले, वरही गेले, पण धूर आणि उष्णता यांपुढे त्याला माघार घेऊन बाहेरून पाणी मारावे लागले. आग पूर्ण विझल्याचे जाहीर व्हायला १६ जुलै उजाडला. ती कशाने लागली हे आजवर निश्चित झालेले नाही.

जळाले किती? १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवानोंदी. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या. २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात हवाई दलातून मुक्त झालेल्यांपैकी सुमारे ७५ टक्क्यांच्या, पण तेही इंग्रजी वर्णक्रमात ज्यांचे आडनाव हबर्डच्या पुढे येते त्यांच्याच. हा तपशील मला सगळ्यांत बोलका वाटतो. हवाई दलातल्या अँडरसनचे कागद आहेत, विल्सनचे बहुधा नाहीत. दोघांच्या सेवेत काडीचा फरक नसेल. फरक आहे तो आडनावाच्या पहिल्या अक्षरात. नौदल आणि मरीन या हिशेबात येतच नाहीत, त्यांच्या नोंदी वाचल्या.

जळालेल्या नोंदींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, आणि आगीपूर्वी त्यांची सूचीही कोणी केलेली नव्हती. शिवाय लाखो फायली आधीच माजी सैनिकांच्या कल्याण खात्याकडे उसन्या गेलेल्या होत्या. त्यामुळे काय जळाले याची यादीसुद्धा करता येत नाही. अमुक माणसाची नोंद जळाली, असे त्या कार्यालयाला खात्रीने सांगता येत नाही. जळालेल्या भागात ती असावी, एवढेच म्हणता येते. वाचलेल्यांची कथा आणखी वेगळी. आग विझवणाऱ्या पाण्याने कागद भिजले, आणि जुलैच्या उकाड्यात त्यांवर बुरशी धरू लागली. थायमॉलची फवारणी झाली, ओले गठ्ठे मॅक्डॉनेल डग्लस या विमान कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवले गेले. या खटपटीतून सुमारे ६५ लाख नोंदी, काही पुऱ्या, काही अर्ध्यामुर्ध्या, हाती लागल्या. कडांनी काळवंडलेल्या त्या फायली अजून सांभाळून ठेवल्या आहेत.

आता मुद्द्याचे. ‘अमुक वस्तू इथे नाही’ हे ज्ञान आपल्याला कशाने होते, यावर आपल्याकडे शतकानुशतके वाद चालला. कुमारिलभट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी अनुपलब्धी हे सहावे, स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते मानले नाही. अभावाचे ज्ञानही प्रत्यक्षानेच होते असे ते म्हणाले. प्राभाकरांनी अभाव हा पदार्थच नाकारला. वाद कडाक्याचा, पण भाट्ट आणि नैयायिक या दोघांनीही एक अट सोडली नाही: न दिसण्यावरून नसणे तेव्हाच ठरते, जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती. उजेड असलेल्या खोलीत जमिनीवर घट दिसत नाही, तेव्हा घट नाही. काळोखात दिसत नाही, तेव्हा काहीच ठरत नाही. पिशाच तर उजेडातही दिसत नाही, पण तेवढ्यावरून ते नाही असे म्हणायला नैयायिक तयार नव्हता, कारण ते मुळात दिसण्याजोगेच नाही. (हा दाखला भुताखेतांच्या कैवाऱ्यांना आवडेल, पण त्यांच्या कामाचा नाही. न दिसण्याने जसे नसणे सिद्ध होत नाही, तसे असणेही होत नाही.) या अटीचे शास्त्रातले नाव योग्यता. आपल्या सैनिकाचा सारा प्रश्न या अटीवर लटकलेला आहे.

१९५६ साली नौदलातून मुक्त झालो असे सांगणाऱ्याची नोंद सापडली नाही, तर ते न सापडणे उजेडातले आहे. ते त्याच्या विरुद्ध जावे, आणि कठोरपणे जावे. १९५६ सालीच भूदलातून मुक्त झालेल्याची नोंद सापडली नाही, तर ते काळोखातले. ते त्याच्या विरुद्ध तसूभरही जाता कामा नये. ‘नोंद आढळली नाही’ हे वाक्य दोघांच्या पत्रांत एकच असते, आणि तिथेच घोटाळा होतो.

अमेरिकी भूदलाच्या नोंदी दुरुस्त करणारे एक मंडळ आहे. १९४६ च्या कायद्यातून अशी मंडळे निघाली; नोंदीतली चूक सुधारणे किंवा अन्याय दूर करणे हे त्यांचे काम. तिथल्या निर्णयांत एक ठरावीक परिच्छेद वारंवार भेटतो: अर्जदाराच्या नोंदी उपलब्ध नाहीत, १९७३ च्या आगीत त्या नष्ट झाल्या असाव्यात, तथापि उरलेल्या कागदांवरून निःपक्ष विचार करता येईल. इथवर ठीक. पण पुढे कित्येकदा असेही वाचायला मिळते की उपलब्ध कागदांत दाव्याला दुजोरा देणारे काही नाही, सबब अर्ज नामंजूर. वरच्या परिच्छेदात दिवा विझल्याची कबुली, खालच्यात घट दिसत नसल्याचा निवाडा. न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही हा हेत्वाभास पकडला असता.

मंडळाच्या बाजूने कोणी म्हणेल: मग काय, फाइल जळाली की पदक द्यायचे? नाही. काळोखातली अनुपलब्धी अर्जदाराच्या विरुद्ध जात नाही, तशी बाजूनेही जात नाही. जळालेल्या फाइलमध्ये त्याला हवे तेच लिहिले होते, असे धरून चालता येत नाही. ज्या दिशेने पाहिले तिथे अंधार निघाला, एवढाच त्याचा अर्थ, आणि अंधार निघाल्यावर माणूस दुसरा दिवा शोधतो.

असे दिवे आहेत. सैन्यात एकट्या माणसाविषयी एकच कागद कधीच होत नाही. त्याला पगार मिळतो, आणि पगाराचा हिशेब वेगळे खाते ठेवते. नोकरी संपताना दिलेल्या शेवटच्या पगाराच्या पावत्या म्हणूनच सेंट लुईसच्या कार्यालयाला नोंद पुन्हा उभारताना सर्वांत उपयोगी पडल्या. तो आजारी पडतो. सर्जन जनरलच्या कार्यालयाने १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या काळातल्या रुग्णालयीन दाखल्यांच्या संगणकफिती करवल्या होत्या. त्या १९८८ साली पुढे आल्या. त्यांत नावे नाहीत, फक्त सेवाक्रमांक आहेत, त्यामुळे ट्रंकेच्या तळाशी पडलेला गळ्यातला बिल्ला अचानक दस्तऐवज होतो. घरी परतल्यावर अनेकांनी आपला मुक्ततेचा दाखला गावच्या काउंटी न्यायालयात नोंदवून ठेवला. काही राज्यांनी युद्धावरून आलेल्यांना बक्षिसी दिली, तिचेही अर्ज आणि याद्या आहेत.

पण या सगळ्यांत मला अधिक बोलायचे आहे ते मॉर्निंग रिपोर्टबद्दल. भूदलाच्या प्रत्येक कंपनीत रोज सकाळी हा कागद तयार होई, आणि तो आगीतून वाचला. वरवर पाहता काम फत्ते. प्रत्यक्षात त्यात कंपनीतल्या सगळ्यांची नावे नसत. लिहिला जाई तो फक्त बदल: कोण आला, कोण गेला, कोण रुग्णालयात, कोण रजेवर, कोण पळाला, कोण मेला, कोणाला बढती मिळाली, कोणाची पट्टी उतरली. जो शिपाई आला, रोज हजर राहिला, धडधाकट राहिला, कोणाच्या डोळ्यांवर आला नाही, त्याचे नाव येण्याच्या आणि जाण्याच्या दिवसापलीकडे त्यात उमटलेच नसेल. उनाड शिपायाचे चरित्र त्या कागदांवरून लिहिता येईल. सरळ शिपायाचे येणार नाही. मग अशा कागदांवर बोट ठेवून ‘मधल्या सहा महिन्यांत तुमचे नाव कुठेच नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा चोख हजेरीच गैरहजेरीचा पुरावा झालेली असते. मीमांसकांनी असल्या प्रसंगासाठी देवदत्ताला राखून ठेवला आहे: तो दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे, तेव्हा रात्री जेवत असलाच पाहिजे. अर्थापत्ती ती हीच. मार्चमध्ये कोरियातल्या कंपनीत दाखल, नोव्हेंबरमध्ये रवाना, मधे काही नाही. ३० दिवस भरले.

या कागदांची आणखी एक गोम अशी की शिपायाच्या नावावरून त्यांत शोध घेता येत नाही. कंपनी कोणती आणि साधारण कोणते तीन महिने, हे आधी सांगावे लागते. इथे म्हाताऱ्याची स्मृती कामाला येते, आणि पूर्वपक्षाने तिच्यावर घेतलेला आक्षेप इथे लागूच पडत नाही. स्मृती पुराव्याच्या जागी बसत नाही; पुरावा कुठे शोधायचा याचा ती पत्ता देते. पत्ता चुकीचा असेल, किंवा सांगणारा थापा मारत असेल, तर त्या कंपनीच्या त्या महिन्यांच्या कागदांत त्याचे येणे-जाणे सापडणार नाही. हे कागद जळालेले नाहीत. तेव्हाचे न सापडणे उजेडातले असेल, आणि ते बेलाशक त्याच्या विरुद्ध धरावे.

आता कागदाच्या निःपक्षपाताकडे. जून १८६३ मध्ये अमेरिकी यादवी युद्धात जनरल ली उत्तरेत घुसला तेव्हा मेन राज्याच्या २७ व्या पलटणीची मुदत संपत आली होती. राजधानी उघडी पडू नये म्हणून युद्धमंत्री स्टँटन यांनी या लोकांना आणखी काही दिवस थांबण्याची विनंती केली आणि थांबणाऱ्याला मेडल ऑफ ऑनर देऊ केले. सुमारे ३०० जण थांबले, बाकीचे घरी गेले. पदके कोरून आली ती ८६४. कोण थांबले होते याची धड यादी नव्हती, म्हणून सरसकट साऱ्या पलटणीच्या नावाने काढली. पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्या घरी गेलेल्यांचा कागद निर्दोष होता. सरकारी पदक, सरकारी नोंद, त्यावर नाव. १९१७ साली फेरतपासणी झाली आणि रद्द झालेल्या ९११ पदकांत ही सारी गेली, त्यांत खरोखर थांबलेल्यांचीही.

उलट टोक कॅप्टन पॅरिस डेव्हिस यांचे. जून १९६५ मध्ये व्हिएतनामच्या बोंग सोन भागात स्वतः जखमी असताना त्यांनी आपल्या जखमी सोबत्यांना गोळीबारातून ओढून आणले. वरिष्ठांनी मेडल ऑफ ऑनरसाठी शिफारस केली. फाइल गहाळ झाली. १९६९ साली चौकशी झाली तेव्हा शिफारशीचा मागमूस नव्हता. पुन्हा पाठवायला सांगितली गेली, तीही गहाळ. डेव्हिस कृष्णवर्णीय आहेत, आणि फाइल आपोआप हरवली नाही अशी शंका त्यांच्या गोऱ्या सोबत्यांनीच बोलून दाखवली. सोबती मागे लागून राहिले, आठवणी आणि कागद नव्याने जमवले, आणि ३ मार्च २०२३ रोजी पदक मिळाले. हे शौर्यपदक होते, म्हणजे ज्याला सर्वांत कडक पुरावा लागतो ते. त्याच्या बाबतीत सरकारने मूळ कागदाविना उभा केलेला पुरावा ग्राह्य धरला, आणि तिथे होता का एवढेच विचारणाऱ्या सेवापदकाला मात्र मूळ कागद हवा!

शौर्यपदक आणि सेवापदक यांची ही गल्लत पूर्वपक्षाच्या मुळाशी आहे. शौर्य हा एका क्षणाचा आणि एका माणसाचा दावा आहे. त्याला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागतात आणि लागावेत. सेवा हा अनेकांनी मिळून, अनेक महिने केलेला व्यवहार आहे, आणि त्याचा माग जहाजावर, खजिन्यात, स्वयंपाकघराच्या हिशेबात, डाकेत, सगळीकडे विखुरलेला असतो. तो खोटा रचणे अवघड आणि खरा शोधणे तुलनेने सोपे. शिवाय ज्याची फाइल अगदी कोरी करकरीत आहे त्याच्याही मुक्ततेच्या दाखल्यावर नंतर निघालेली पदके असणार कशी? दक्षिण कोरियाने आपले युद्धसेवापदक अमेरिकी सैनिकांना १९५१ साली देऊ केले. अमेरिकेने ते स्वीकारायला १९९९ साल उजाडले. १९५३ च्या दाखल्यावर ते नाही, यात शिपायाचा दोष काय, आणि कारकुनाचा तरी काय?

कायद्याला हे सारे कळत नाही असे नाही, म्हणून तर अधिक आश्चर्य वाटते. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठरवले की लढाईत उतरलेल्या सैनिकाने दुखापतीचा दावा केला आणि त्याचे कथन त्या सेवेच्या परिस्थितीशी जुळत असेल, तर अधिकृत नोंद नसली तरी ते पुरेसे धरावे. रणांगणावर कागद नीट ठेवले जात नाहीत, हे आग लागण्याच्या ३२ वर्षे आधी मान्य झाले होते. १९९१ साली ओहेअर खटल्यात माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने म्हटले की नोंदी सरकारच्या ताब्यात असताना नष्ट झाल्या असतील, तर दावा नाकारताना कारणे देण्याची आणि संशयाचा फायदा तपासण्याची सरकारची जबाबदारी वाढते. पुढे क्रोमर खटल्यात, २००६ साली, अर्जदाराला याहून पुढे जाऊ दिले नाही: नोंद जळाली म्हणून ती सरकारच्या विरुद्ध होती असे गृहीत धरायला न्यायालयाने नकार दिला. हे दोन्ही निवाडे एकत्र वाचले तर आपल्या मीमांसकांचीच भूमिका हाती येते, आणि मला दोन्ही बरोबर वाटतात. मात्र हे सगळे भरपाईच्या दाव्यांचे. म्हणजे महिन्याच्या महिन्याला तिजोरीतून डॉलर द्यायचे असतात तिथे सैनिकाच्या कथनाला वजन आहे, आणि जिथे दोन बोटे रुंद फीत द्यायची तिथे नाही.

तोतयांच्या भीतीला मात्र थेट उत्तर दिले पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या एका जलमंडळाचे सदस्य झेवियर अल्वारेझ यांनी २००७ साली भर सभेत आपल्याला मेडल ऑफ ऑनर मिळाल्याचे सांगितले. ते कधी सैन्यातच नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१२ साली अशा खोट्या बढाईला गुन्हा ठरवणारा कायदाच घटनाबाह्य ठरला. अल्वारेझ यांनी कुठल्या मंडळाकडे अर्ज केला नव्हता, कुठले जळके कागद पुढे केले नव्हते. तोतयाला मंडळ परवडत नाही; तिथे प्रश्न विचारतात. ज्याला मिरवायचे आहे तो पदक दुकानातून विकत घेतो. बर्केट यांची कामगिरी मोठी, पण ती जिथे फायली शाबूत आहेत तिथली. तिच्यावरून, जिथे फायली जळाल्या तिथला नियम काढता येत नाही.

आपल्याकडचा अनुभव या बाबतीत जास्त शिकवणारा आहे. स्वातंत्र्यसैनिकांची निवृत्तिवेतन योजना १९७२ साली सुरू झाली, १९८० साली तिला सन्मान योजनेचे रूप आले. तुरुंगाचे किंवा पोलिसांचे दफ्तर उपलब्ध नसेल तर सहबंदी किंवा नामवंत स्वातंत्र्यसैनिक यांचे प्रमाणपत्र चालते. भूमिगतांच्या बाबतीत त्याआधी सरकारी दफ्तर उपलब्ध नसल्याचा दाखला राज्याकडून लागतो. आधी अंधार सिद्ध करा, मग दुसरा दिवा आणा. नियम करणाऱ्याने मीमांसा वाचली असो वा नसो, योग्यतेची अट त्यात तंतोतंत आहे. गुरुदयाल सिंग खटल्यात २००१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फौजदारी खटल्यातल्यासारखा काटेकोर पुरावा इथे मागू नये. आणि त्याच न्यायालयापुढे २००५ साली बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण आले. सैल पुराव्याने काय होते पाहा, असे म्हणून पूर्वपक्षी या प्रकरणाकडे बोट दाखवतील. पण त्या मंडळींना निवृत्तिवेतन मंजूर झाले होते, याचा अर्थ त्यांच्या फायली पुऱ्या होत्या. शिक्के होते, सह्या होत्या, प्रमाणपत्रे होती. नव्हती ती उलटतपासणी. लबाडाचे कागद सहसा अपुरे नसतात. अपुरे असतात ते बहुधा प्रामाणिक माणसाचे.

आणि राजवाड्यांचे नाव घेणाऱ्यांना एक विचारावेसे वाटते. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगड पेटला. त्याआधीही त्या गडाने लूट पाहिली होती. शिवकालाचे संपूर्ण दफ्तर आपल्यापाशी नाही. म्हणून शिवकाल नाकारावा काय? महाराजांच्या जन्माची कोणतीही सरकारी नोंद नाही. बखरींनी १६२७ हे साल दिले होते. मग कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली पुढे आली, टिळकांनी ती १९१६ साली छापली, तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली. पाठोपाठ दूर जोधपुरात मिळालेल्या जन्मपत्रिकेने तिला दुजोरा दिला. एका खासगी घराण्याचे टिपण आणि त्या घराण्याशी काही संबंध नसलेल्या परमुलखातल्या ज्योतिषाचा कागद, यांच्या मेळातून १९ फेब्रुवारी १६३० ठरली. अस्सल कागद श्रेष्ठ म्हणणाऱ्या परंपरेनेच हे केले. त्या परंपरेचा खरा आग्रह स्वतंत्र साक्षींच्या मेळाचा होता. पहिला कागद नाही म्हणून फाइल बंद करणे तिला कधी सुचले नाही. पलटणीचा रोजचा कागद, पगाराची पावती आणि आईला धाडलेल्या पत्रावरचा सैनिकी डाकेचा शिक्का, ही तीन परस्परांना न ओळखणारी साधने एका माणसाला एका महिन्यात कोरियात ठेवत असतील, तर इतिहासकार ते विधान तळटीप न देता छापेल. पदकाने याहून अधिक का मागावे?

व्यवहारात याचा अर्थ थोडका आहे. नकार देणाऱ्या अधिकाऱ्याने आदेशात दोन गोष्टी लिहाव्यात: अर्जदाराची नोंद जळालेल्या भागातली की शाबूत भागातली, आणि पर्यायी कागदांपैकी कोणते, कोणत्या काळाचे, तपासले. हे लिहायचे ठरले की शोध आपोआप घ्यावा लागेल. अर्जदारानेही कंपनी, काळ, सेवाक्रमांक यांचा पत्ता द्यावा. ‘मी तिथे होतो, माझ्यावर विश्वास ठेवा’ एवढ्यावर त्याला काही मिळू नये. सोबत्यांची शपथपत्रे घ्यावीत, पण एकाच मसुद्यावर सह्या केलेली नकोत. समजा, कोणी १९६५ साली भूदलातून मुक्त झालेला आहे. त्याची फाइल शाबूत आहे. तिच्यात जर्मनीतली नेमणूक आहे, तिचे महिने सलग आहेत, पगार तिथलाच आहे, आणि कोरियाचा उल्लेख कुठे नाही. तो म्हणतो, मी कोरियात होतो. त्याला हे पदक देऊ नये, आणि त्याचे वय किंवा नातवंडांनी लिहिलेली पत्रे मध्ये आणू नयेत.